वाटेचे ऋण

सज्जनहो, चाळीस वर्षे आम्ही कीर्तनाला उभे राहतो आहोत. या काळात शंका विचारणारे पुष्कळ भेटले. पंडित भेटले, नास्तिक भेटले, नुसतेच वाद घालायला आलेले भेटले. पांडुरंगकृपेने सर्वांना काही ना काही उत्तर देता आले. पण ज्या बोलण्यापुढे आम्ही खरोखर गप्प झालो, ते एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचे होते; आणि गंमत अशी की, ती काही शंका विचारायला आली नव्हती.

झाले असे. कार्तिकातल्या एका रविवारी आमची चाळीस-पन्नास माणसांची मंडळी देहूच्या परिसरातील एका डोंगरावर गेली होती. भंडारा, भामचंद्र, घोरावडेश्वर ही तुकोबारायांच्या एकांताची ठिकाणे, हे वारकऱ्याला सांगायला नको. वर भजन झाले, आमचे कीर्तन झाले. झाडे-वेली हे आपले गणगोत आहेत असे सांगणारा अभंग आम्ही निरूपणाला घेतला होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. मग प्रसाद झाला, आणि मंडळी उतरू लागली. आमचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, म्हणून अर्ध्या वाटेत एका दगडावर टेकलो.

तेथे सात-आठ तरुण मुले-मुली काम करीत होती. कोणी पहारीने दगड हलवतो आहे, कोणी घमेल्याने माती ओढतो आहे, आणि एक मुलगी पोते घेऊन प्लास्टिकचे पेले वेचते आहे. वेचता वेचता ती आमच्यापाशी आली आणि हात जोडून म्हणाली, "महाराज, जरा पाय बाजूला घेता का?"

खाली पाहतो तो आमच्या पायाखाली पेला! अर्ध्या तासापूर्वी आमच्याच मंडळींनी पाणी पिऊन टाकलेला.

आमच्या पायांना हात लावायला माणसे येतात. पाय बाजूला घ्या म्हणणारे त्या दिवशी प्रथमच भेटले. आम्ही ओशाळून विचारले, "बाळा, हे काम तुम्हाला कोणी नेमून दिले?" ती म्हणाली, "कोणी नाही, महाराज. आम्ही दर रविवारी इथे चढतो. आमच्याच पायांनी वाट झिजते, मग आम्हीच नको का ती नीट करायला?" एवढे बोलून ती पुढच्या पेल्याकडे वळली.

घरी आलो तरी ते बोलणे मनातून जाईना. आमचे सारे शिक्षण पाठशाळेतले. तेथे गुरुजींनी एक शिस्त लावली होती: कोणताही प्रश्न आला की आधी विषय मांडा, मग संशय सांगा, मग पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने उभा करा आणि नंतरच सिद्धांताकडे वळा. तीच शिस्त येथे धरतो.

विषय असा की, डोंगर, रान, नदीकाठ, पाऊलवाट ही जी सर्वांची म्हणून असलेली भूमी आहे, तिची राखण. संशय असा की, ही राखण तिच्यावरून चालणाऱ्या भाविकाचे कर्तव्य आहे की नाही? का ते केवळ हौशी लोकांचे परोपकाराचे काम?

पूर्वपक्ष आमच्याच फडावर ऐकायला मिळतो. पहिला म्हणतो, "महाराज, डोंगर सरकारचा. वनखाते आहे, नगरपालिका आहे, पगारी माणसे आहेत. आपण कर भरतो ना?" दुसरा म्हणतो, "आपण नामधारक. दगड-माती म्हणजे प्रपंच. तो सुटावा म्हणून माळ घातली, आणि आता पुन्हा घमेले उचलायचे?" तिसरा जरा भाविक. तो म्हणतो, "वारकऱ्याचे चालणे हेच पुण्य. त्याच्या पायाने भूमी पावन होते. त्याने आणखी काय करायचे?"

तिन्ही पक्ष वरवरचे नाहीत. आम्ही स्वतः कधी ना कधी तिन्ही बोललो आहोत. म्हणून एकेकाकडे पाहू.

डोंगर सरकारचा, हे पहिले म्हणणे. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात, सातव्या पादात एक सुंदर विचार आहे. विश्वजित् नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचे असते. आता यजमान जर सार्वभौम राजा असला, तर त्याने आपल्या राज्याची सारी भूमी देऊन टाकावी काय? जैमिनी म्हणतात, नाही. भूमीशी सर्वांचा संबंध सारखाच आहे, म्हणून ती देता येत नाही. शबरस्वामींनी भाष्यात अधिक फोड केली आहे. शेताला धनी असलेला दिसतो, पण अखंड पृथ्वीला धनी असलेला कोणी दिसत नाही. राजाचे मोठेपण एवढेच की तो राखण करतो, आणि राखणीबद्दल उत्पन्नाचा वाटा घेतो. जो राखणदार, तो काही धनी नव्हे. आणि जे आपले नाही ते दान तरी कसे करणार?

बघा, राजांच्या आश्रयाने राहणाऱ्या लोकांनी राजालाच हे सांगितले! आणि हा विचार पोथीत राहिला असेही नाही. हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या काठासंबंधीच्या एका खटल्यात १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नद्या, वने यांसारख्या निसर्गसंपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे. लाभ घेणारी सर्व जनता आहे. वाट वेगळी, भाषा वेगळी, पण मुक्काम जवळजवळ तोच.

मग कर्तव्य विश्वस्ताचे झाले, आपले कोठे आले? येथेच आम्ही अडलो होतो. आणि येथे त्या मुलीचे बोलणे उपयोगी पडले. मीमांसेचा तोच सहावा अध्याय अधिकाराचा आहे. अधिकार म्हणजे आजकालच्या अर्थाने हक्क नव्हे. ज्याला फळ हवे, त्याच्यावरच कर्माचा भार, असा तो विचार. ज्याला स्वर्ग हवा त्याने याग करावा; फळ एकाने घ्यायचे आणि कर्माचा भार मात्र सर्वस्वी दुसऱ्यावर टाकायचा, हे शास्त्राला मान्य नाही. आता डोंगराचे फळ कोण घेतो? जो चढतो तो. वरचा वारा, सावली, एकांत, दर्शन ही सारी प्राप्ती त्याची. तर मग वाटेचे कर्मही त्याचेच. आपल्या राज्यघटनेतही १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत वने, सरोवरे, नद्या, वन्य जीव यांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दया हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कर भरला म्हणजे राखणदाराचा वाटा दिला. पायांनी जे झिजवले ते त्याने भरून निघत नाही.

आता तिसरे म्हणणे आधी घेऊ. चालणे हेच पुण्य. यात अर्धे सत्य आहे, आणि ते अर्धे आम्ही मनापासून मानतो. वाट जगते ती चालण्यानेच. माणसांनी चालणे सोडले की वाटेवर घाणेरी माजते, कोणी कुंपण घालतो, आणि चार वर्षांनी येथे वाट होती हे सांगणाराही उरत नाही.

पुष्कळ माणसे मिळून चालली म्हणजे काय होते, याचा एक दृष्टांत विलायतेतला आहे. मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचे उंच पठार आहे. गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या लोकांना रविवारी मोकळा वारा घ्यायला तीच जवळची जागा. पण ती एका ड्यूकची, शिकारीचे पक्षी पाळण्यासाठी राखलेली, आणि रखवालदार लोकांना हाकलून देत. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे माणसे एकत्र जमून त्या पठारावर चालत गेली. रखवालदारांशी झटापट झाली. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. पण ते चालणे वाया गेले नाही. लोकांची मागणी वाढतच गेली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व रानात फिरण्याच्या मुभेचा कायदा झाला, आणि १९५१ साली त्या देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते याच मुलखात. २००२ साली, सत्तराव्या वर्षी, त्याच घराण्याच्या ड्यूकने आपल्या पूर्वजांच्या वागण्याबद्दल सर्वांसमक्ष क्षमा मागितली. क्षमा मागणारा लहान झाला असे आम्हाला तरी वाटत नाही.

आपल्याकडेही असे घडले आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज पहाटे शेकडो माणसे चढतात. त्या टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढण्याच्या योजनेविरुद्ध २०२३ च्या एप्रिलात नागरिक मोठ्या संख्येने पायी निघाले. त्यांत आजोबा होते, नातवंडे होती. रस्ता हवा की नको यावर दोन मते असू शकतात, आणि तो वाद सोडवणे हे आमचे काम नव्हे. पण ज्यांचे पाय त्या टेकडीला रोज लागतात त्यांना विचारल्यावाचून टेकडीचे काही ठरू नये, एवढे त्यांनी चालून सांगितले. वारकऱ्याला हे चटकन कळावे. आपणही शेकडो वर्षे चालूनच एक गोष्ट टिकवली आहे.

हे झाले सत्याचे अर्धे. दुसरे अर्धे कडू आहे. वाट जशी पायांनी जगते, तशी पायांनीच मरते. आम्ही नंतर दोन-तीन रविवार त्या मुलांबरोबर बसून हे समजून घेतले. पाय पडून पडून वाट खोलगट होते. पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी ती खोलगट जागा धरून धावते आणि माती घेऊन जाते. वाटेचा ओढा होतो. मग लोक ओढ्यातून चालत नाहीत, कडेने चालतात; कडेचे गवत मरते, तीही जागा खोल होते. एका वाटेच्या तीन होतात. वळण आले की धावपळीचा माणूस वळण तोडून सरळ खाली उतरतो, आणि ती चोरवाट तर पाण्याला आमंत्रणच. म्हणून ती मुले वाटेवर आडवे, जरा तिरके दगड रोवतात. पाणी त्यांना अडून कडेला निघून जाते. उतार फार असेल तेथे पायऱ्या बसवतात. चोरवाटेच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकून ती बुजवतात. हिवाळा सरता सरता गवत वाळते, तेव्हा वणवा पसरू नये म्हणून वनखात्याच्या लोकांबरोबर जाळरेषा काढतात. यातले एकही काम अवघड नाही, आणि एकही काम एकदाच करून संपत नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पहार घ्यावीच लागते.

पुन्हा पुन्हा करावे लागणारे हे काम लोक पिढ्यान् पिढ्या करतात काय? करतात. त्या मुलांपैकी एकाने आम्हाला अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन वाटेची हकीकत सांगितली. १९२१ साली बेंटन मॅके नावाच्या गृहस्थाने डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या एका लांबच लांब पाऊलवाटेची कल्पना मांडली. १९३७ साली ती सलग पुरी झाली. चौदा राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरते. देहू-आळंदीहून पंढरपूर अडीचशेच्या आसपास, म्हणजे ती आपल्या वारीच्या चौदापट. १९६८ साली तेथील शासनाने कायदा करून तिला संरक्षण दिले. पण कायदा काही फांदी छाटायला येत नाही. वाटेचे तुकडे पाडून सुमारे तीस मंडळांनी ते वाटून घेतले आहेत. आपल्या तुकड्यावर जायचे, पडलेले झाड कापायचे, पाण्याची सोय करायची, झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा पुन्हा रंगवायच्या, हे सारे प्रामुख्याने बिनपगारी लोक करतात. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन नावाच्या वादळाने दक्षिणेकडच्या भागात असंख्य झाडे वाटेवर आडवी पाडली, तेव्हाही करवती घेऊन ही माणसे निघाली. ज्याने दगड रोवला तो त्या वाटेवरून फिरून कधी जाईलच असे नाही. ज्याचा पाय त्या दगडावर पडेल त्याला रोवणाऱ्याचे नाव कळणार नाही. सज्जनहो, निष्काम कर्मावर आम्ही तासन् तास बोललो आहोत, पण असा साधा दृष्टांत आम्हाला कधी सुचला नव्हता.

आता राहिला दुसरा पक्ष. नामधारकाने दगड-मातीत का पडावे? हाच आम्हाला सर्वांत अवघड वाटला, कारण तो आळसातून येत नाही, वैराग्यातून येतो. आणि वैराग्याचा अनादर आमच्याकडून होणे नाही.

पण आधी शास्त्र पाहा. आपल्याकडे धर्मकर्माचे दोन भाग सांगितले: इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग हे इष्ट. विहीर, तळे, बाग, धर्मशाळा, अन्नदान हे पूर्त. इष्टाला अधिकाराच्या नाना अटी. पूर्त मात्र स्त्रीशूद्रादी सर्वांना मोकळे. तळे बांधून त्याचा उत्सर्ग करतात, तेव्हा बांधणारा आपली मालकी सोडतो आणि ते प्राणिमात्राला अर्पण करतो. त्यानंतर त्याने पाणी प्यायचे ते मालक म्हणून नव्हे, सर्वांतला एक म्हणून. आम्हाला विचाराल तर याहून सोपे वैराग्य कोणते? काम आपण करायचे, आणि 'माझे' हा शब्द सोडून द्यायचा. वैराग्य म्हणजे मातीपासून हात आखडणे नव्हे. मातीवरचा हक्क सोडणे.

मग संतांकडे पाहा. सावतोबांनी अरणच्या मळ्यात राबता राबता देव जोडला; त्यांच्या मळ्याला कोणी प्रपंच म्हणत नाही. आणि आम्हा कीर्तनकारांच्या डोळ्यांत अंजन घालणारे तर अगदी अलीकडचे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. १९५६ साली ते गेले. त्यांचे कीर्तन ऐकायला लोक लोटत, याचे कारण नुसती वाणी नव्हे. सकाळी त्याच हातात खराटा पाहिलेला असे. आम्ही मात्र झाडांना गणगोत म्हटले आणि अर्ध्या तासात त्याच गणगोतांच्या अंगावर पेले फेकले. पेला आम्ही स्वतः फेकला नव्हता हे खरे. पण आमच्या कीर्तनाने तो फेकणारा हात थांबला नाही, हेही तितकेच खरे. नाम मुखात होते. हातापर्यंत पोचले नव्हते.

तेव्हा सिद्धांत असा: सर्वांच्या भूमीची राखण हे चालणाऱ्यावरचे ऋण आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण म्हणतो, तसेच हे. ते फेडले म्हणून कोणी मोठा होत नाही. न फेडले तर मात्र ऋणको राहतो. म्हणून या कामाला आम्ही परोपकार म्हणणार नाही. परोपकार म्हटला की त्याच्या मागून फलक येतो, हार येतो, छायाचित्र येते.

सिद्धांत सांगितला तरी दोन सावधगिऱ्या सांगितल्या पाहिजेत. एक, राखणीच्या उत्साहात डोंगरावर आधीपासून असलेल्या माणसाला विसरू नये. धनगराची मेंढरे, कातकऱ्याची मोळी, पायथ्याच्या गावची गुरे यांचा त्या भूमीशी संबंध आपल्या रविवारापेक्षा जुना आहे. भूमी सर्वांची म्हणायचे आणि त्या सर्वांतून गरिबाला वगळायचे, हा न्याय नव्हे. किंडरच्या ड्यूकने तरी दुसरे काय केले होते? त्याला विचारून, त्याला बरोबर घेऊनच काम करावे. त्या वाटा त्याच्या पायाखालच्या आहेत. दुसरी, भक्तीच्या उत्साहात दगडांवर नावे रंगवणे, वाटेल तेथे वाटेल ते झाड लावणे, वनखात्याला न विचारता खोदकाम करणे, हे टाळावे. सेवा करायची तर सेव्याला काय हवे ते आधी पाहावे.

वाचक म्हणतील, महाराज, आम्ही नेमके करावे काय? फार नाही. जुने वारकरी वारीत आपली थाळी आणि तांब्या बरोबर नेत. ती चाल पुन्हा धरा. निम्मा कचरा तेथेच संपला. जाल ती वाट धरून चला, वळण तोडू नका. मागून शंभर जण तुमच्या पावलावर पाऊल टाकतात. प्रत्येक दिंडीने आपल्या गावाजवळची एक टेकडी, एक घाटवाट, नाहीतर एक ओढाकाठ आपला मानावा, आणि वारीला निघण्यापूर्वी एक दिवस व पावसाळा संपल्यावर एक दिवस तेथे द्यावा. पालखीचा मार्ग रुंद झाला, वाहनांची सोय झाली, पण सावली देणारे जुने वड त्यात गेले. नवी रोपे लागली असतील तेथे त्यांना चैत्र-वैशाखात पाणी कोण घालतो, एवढी चौकशी तरी आसपासच्या गावकऱ्यांनी करावी. मार्गावर आषाढात आपण लाखोंनी चालतो. वर्षाचे बाकीचे महिने तो मार्ग कसा राहतो हे पाहणे कोणाचे काम?

आता आमचे सांगतो आणि पुरे करतो. त्या मुलांकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मंडळींपैकी अकरा जण बरोबर होते. पुढच्या वेळी सहाच आले, हेही लपवत नाही. पहार आमच्याच्याने उचलत नाही, घमेले डोक्यावर घेतले तर मान धरते. मग त्या मुलीने आम्हाला एका जागी बसवले आणि म्हणाली, "महाराज, तुम्ही लहान दगड निवडून हातात द्या." मोठा दगड रोवला की त्याच्या बुडाशी लहान दगड ठोकावे लागतात, नाहीतर तो डगमगतो. दुपारपर्यंत आम्ही दगड देत होतो. मुखाने नाम चालू होते, आणि त्यात काही अडथळा आल्याचे आम्हाला जाणवले नाही.

परवाच्या पावसात त्यातले दोन दगड निघाले असा निरोप आला आहे. येत्या रविवारी जायचे आहे.

रामकृष्णहरी.